शिसं जमिनीतलंच, मग मातीत गेलं तर?

वरणगावच्या दारूगोळा कारखान्यामुळे खान्देशाला काडतूस नवं नाही. गप्पांत एक समज हमखास निघतो: "गोळीतलं शिसं जमिनीतलंच; परत मातीत गेलं तर काय बिघडतं?" बिघडतं. खाणीतलं शिसं बहुधा गंधकाशी बांधलेलं, खोल असतं. गोळीबाराच्या उघड्या मैदानावर निशाणामागच्या मातीच्या बांधात घुसलेली गोळी हवापाण्याने गंजते. पांढरट पापुद्रा धरतो, झडतो, मातीत मिसळतो. आपली काळी माती चुनखडीची, अल्कधर्मी. आम्ल मातीपेक्षा तिच्यात शिसं कमी विरघळतं, हे कबूल. पण उन्हाळ्यात धुरळा उडतोच (आपल्याकडे तर विचारूच नका) आणि पावसाचा लोंढा कण नाल्यात नेतो. शिसं कुजत नाही. अशा मैदानावर गुरं चारू नयेत. बांधाची माती चाळून गोळ्या काढाव्यात, तेही पावसाळ्याआधी.