पानार ए लव्हासॉर

पानार ए लव्हासॉर : पॅरिसमधील आद्य मोटारगाडी कारखाना. इंग्रजीच्या वळणाने मराठीत ‘पॅनहार्ड’ असेही लिहितात; फ्रेंच उच्चार ‘पानार’ असा आहे. कारखान्याचे मूळ पेरँ यांच्या लाकूडकामाच्या यंत्रांच्या व्यवसायात असून पट्टाकरवतीसाठी पेरँ यांचे नाव विशेष होते. रने पानार (1841–1908) व त्यांच्यानंतर एमील लव्हासॉर (1843–97) हे दोघे अभियंते त्यात भागीदार झाले. 1886 मध्ये पेरँ वारले आणि कारखान्याला ‘पानार ए लव्हासॉर’ हे नाव मिळाले.

मोटारगाडीकडे हा कारखाना वळला तो एदुआर साराझँ यांच्यामुळे. गोटलीप डाइमलर या जर्मन अभियंत्याच्या पेट्रोल एंजिनांचे फ्रान्समधील हक्क मिळवण्याची खटपट त्यांनी चालवली होती. 1887 च्या अखेरीस ते निधन पावले. त्यांच्या पत्नी ल्वीझ यांनी डाइमलर यांच्याशी बोलणी पुढे नेऊन ते हक्क राखले. 1890 मध्ये त्यांचा लव्हासॉर यांच्याशी विवाह झाला. बहुतेक जुन्या ग्रंथांत या बाईंचा उल्लेख केवळ ‘लव्हासॉर यांची पत्नी’ एवढाच येतो. तो अपुरा आहे, कारण त्यांच्या चिकाटीवाचून हे एंजिन या कारखान्याकडे आले असते, असे दिसत नाही. पेझो या फ्रेंच कारखान्याच्या पहिल्या पेट्रोल गाड्यांनाही येथूनच एंजिने पुरवली गेली.

पानार रचना : लव्हासॉर यांच्या 1890 च्या सुमाराच्या पहिल्या गाडीत एंजिन आसनांखाली, जवळजवळ मध्यभागी होते. 1891 च्या सुमारास त्यांनी ते पुढे आणले. एंजिनामागे क्लच, त्यामागे सरकत्या दंतचक्रांची गतिबदल यंत्रणा (गिअर) आणि तेथून साखळीने मागच्या चाकांना चालना, असा हा क्रम होता. दंतचक्रे सुरुवातीला उघडीच असत. ‘रांगडे आहे, पण चालते’ अशा अर्थाचे लव्हासॉर यांचे उद्गार यासंबंधी सांगितले जातात.

या रचनेचे जनकत्व वादाचे आहे. आमेदे बॉले यांच्या ‘ला मांसेल’ (1878) या वाफेच्या गाडीतही एंजिन पुढे असून मागची चाके फिरत. त्यामुळे काही अभ्यासक अग्रमान बॉले यांना देतात. एंजिनाच्या जागेपुरते हे मत मान्य करावे लागते. परंतु अंतर्ज्वलन (आतच इंधन जाळून चालणारे) एंजिन, क्लच व गतिबदल यंत्रणा यांची एका ओळीतील जुळणी विक्रीच्या गाडीत रूढ झाली ती लव्हासॉर यांच्याकडून, हे मत अधिक ग्राह्य वाटते. जगातील पहिला मोटार उत्पादक हा मान कारखान्याला देणे मात्र कठीण आहे, कारण जर्मनीतील कार्ल बेंझ यांच्या गाड्या त्याआधीच विकल्या जात होत्या.

शर्यती : 1894 च्या पॅरिस–रूआँ स्पर्धेचे पहिले बक्षीस पेझो व पानार यांना विभागून मिळाले. त्याच स्पर्धेत व्हाशरों यांनी आपल्या पानार गाडीला दांड्याऐवजी गोल सुकाणू चाक लावले होते. या चाकाचा हा सर्वांत जुना वापर असावा, असे सामान्यतः मानतात. 1895 च्या पॅरिस–बॉर्दो–पॅरिस शर्यतीत लव्हासॉर सुमारे 1,178 किमी. अंतर 48 तास 48 मिनिटांत, जवळजवळ एकट्याने गाडी हाकत, पार करून पहिले आले. दुसऱ्या गाडीला आणखी सुमारे सहा तास लागले. तथापि पहिले बक्षीस चार आसनी गाडीसाठी असल्याने ते पेझो गाडीला गेले. 1896 च्या पॅरिस–मार्से–पॅरिस शर्यतीत लव्हासॉर यांना अपघात झाला आणि एप्रिल 1897 मध्ये त्यांचे निधन झाले. पॅरिसच्या पोर्त मायो येथे त्यांचे स्मारक आहे.

नंतर आर्तुर क्रेब्स यांनी कारभार पाहिला व सुकाणू चाक सर्रास वापरात आणले. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्याने हलक्या ‘दिना’ गाड्या काढल्या. 1965 मध्ये तो सीत्रोएन या फ्रेंच मोटार कंपनीच्या ताब्यात गेला आणि 1967 मध्ये प्रवासी गाड्यांचे उत्पादन थांबले. लष्करी वाहनांचे काम पुढेही चालू राहिले.