पार्श्वभूमी : ‘समपरासारी’ म्हणजे नेमके कशाशी सम?

१७४८ मध्ये मद्यार्काच्या भांड्याचे तोंड प्राण्याच्या मूत्राशयाने बांधून ते पाण्यात बुडवले, तेव्हा मूत्राशय फुगून वर आले. परासरणाची, म्हणजे पडद्यातून पाणी जास्त दाट द्रावणाकडे जाण्याची, पहिली नोंद ती हीच. पण वनस्पती पेशीच्या दृष्टीने खरी सुरुवात १८७७ ची. कॉपर फेरोसायनाइडचा पडदा सच्छिद्र मातीच्या भांड्याच्या भिंतीत बसवल्यावर तो न फाटता दाब पेलू लागला आणि १ टक्का साखरेच्या द्रावणाचा दाब सुमारे ५३५ मिलिमीटर पारा भरला. नाजूक पटल आणि त्याला आधार देणारी भित्तिका, म्हणजे पेशीचीच ही प्रतिकृती.

गोंधळ पुढच्या दशकात पेरला गेला. रंगीत पेशीरस (पेशीच्या पोकळीतला द्रव) असलेली पानाची त्वचा वाढत्या तीव्रतेच्या द्रावणांत ठेवायची आणि निम्म्या पेशींत जीवद्रव्य (पेशीतला सजीव भाग) भित्तिकेपासून जेमतेम सुटलेले दिसले की ते द्रावण पेशीरसाशी समपरासारी, म्हणजे तेवढ्याच परासरण दाबाचे, धरायचे. येथवर शब्द चोख होता. पुढे बटाट्याच्या पट्ट्यांचा प्रयोग रूढ झाला आणि ज्या द्रावणात पट्टीचे वजन बदलत नाही त्यालाही तेच नाव चिकटले.

ही दोन द्रावणे एक नव्हेत. पेशीरसाचे द्राव्य विभव (विरघळलेल्या पदार्थांचा परिणाम) −०.८ आणि भित्तिकेमुळे येणारे दाब विभव +०.५ मेगापास्कल असेल, तर दोन्हींची बेरीज, म्हणजे पेशीचे जलविभव, −०.३; पाणी जास्त जलविभवाकडून कमी जलविभवाकडे जाते. पट्टी −०.३ च्या द्रावणात जैसे थे राहते. रससंकोच, म्हणजे जीवद्रव्याचे भित्तिकेपासून सुटणे, सुरू होतो तो दाब शून्यावर आल्यावर, म्हणजे −०.८ च्या आसपास (पेशी थोडी आकसल्याने रस किंचित दाट होतो, हा फरक वेगळा). तरीही प्रयोगवहीत दोन्ही आकडे ‘पेशीरसाची तीव्रता’ म्हणून उतरतात.

जुन्या पुस्तकांत हाच हिशेब ‘विसरण दाब तूट’ म्हणून येतो : ०.८ − ०.५ = ०.३, चिन्ह धन आणि पाणी कमी तुटीकडून जास्त तुटीकडे. १९६० च्या सुमारास जलविभव ही संज्ञा पुढे आली आणि ऋण चिन्ह रूढ झाले. हा बदल योग्यच होता, कारण माती, मूळ, पान आणि हवा एकाच मापाने मोजता आली. मात्र दोन्ही पद्धती एकाच तासाला शिकवल्या की पाण्याची दिशा उलटी लिहिली जाते.

पट्ट्यांच्या प्रयोगात चुका ठरलेल्या. सालीचा बुचासारखा थर पाणी अडवतो, म्हणून साल पूर्ण काढावी. पट्ट्या एकाच बटाट्याच्या घ्याव्यात, वजनाआधी त्यांवरचे पाणी दर वेळी सारखेच टिपून घ्यावे आणि वजनातला फरक टक्क्यांत मांडावा. १ मोलर सुक्रोजचे विभव साध्या सूत्राने २० अंशांना −२.४ मेगापास्कल येते, प्रत्यक्षात ते −३.५ च्या जवळ असते, तक्ताच वापरावा.

१९९२ मध्ये पटलातील जलवाहिन्या, म्हणजे ॲक्वापोरिन, ओळखल्या गेल्या. त्यांच्यामुळे पाण्याचा वेग बदलतो, समतोलाचा बिंदू नाही. म्हणून पट्ट्या लवकर काढल्या तर द्रावणाची तीव्रता आणि वजनातला फरक यांच्या आलेखाचा उतार कमी भरतो, पण रेषा शून्याला जवळपास तिथेच छेदते.