टॅपवाला एलिमिनेटर आणि एलएम३१७वाला: खटका तोच, स्विच उलटा

पुण्यात तपकीर गल्लीत जाऊन ‘व्होल्टेज बदलता येणारा एलिमिनेटर’ (घरच्या विजेवरून बॅटरीइतकं कमी व्होल्टेज देणारा डबा) ‘द्या’ म्हटलं, की समोर येणारे दोन डबे बाहेरून जुळे दिसू शकतात. पुढे गोल खटका, त्याभोवती ३, ४.५, ६, ९, १२ असे आकडे, मागून लाल-काळी वायर. पण एका डब्यात हा खटका ट्रान्सफॉर्मरचा टॅप बदलतो आणि दुसऱ्यात रेग्युलेटरचा, म्हणजे व्होल्टेज ठरावीक ठेवणाऱ्या चिपचा, रेझिस्टर. नुसता विकत घ्यायचा असेल तर एक वेळ चालून जाईल. स्वतः बांधायला बसलात तर मात्र इथेच गफलत होते.

टॅपवाला साधा गडी. सेकंडरीला (ट्रान्सफॉर्मरच्या कमी व्होल्टच्या गुंडाळीला) मधे मधे तारा काढलेल्या, म्हणजेच टॅप, खटका त्यांतली एक निवडतो, पुढे ब्रिज (एसीचं डीसी करणारे चार डायोड) आणि एक कपॅसिटर. बस्स. खटका ६ वर ठेवून, काहीही न जोडता मल्टीमीटर लावा. साडेआठ-नऊ व्होल्टसुद्धा दिसतील. मीटर ठीक आहे. डब्यावरचा आकडा लोडवरचा असतो; रिकाम्या डब्यात कपॅसिटर एसीच्या शिखरापर्यंत, म्हणजे आरएमएसच्या (मीटरवर दिसणाऱ्या एसी व्होल्टच्या) १.४१ पटीपर्यंत भरतो, त्यातून डायोडांचे सव्वा-दीड व्होल्ट तेवढे वजा. घरातलं २३० घसरलं की हेही घसरणार. शिवाय १००० मायक्रोफॅरडवर १०० मिलिअँपिअर ओढलेत तर जवळजवळ एक व्होल्टचा रिपल, म्हणजे आउटपुटचा चढउतार, येतो. रेडिओतली ती घुर्रर्र हीच. खेळण्यातल्या मोटरला त्याचं काही नाही.

एलएम३१७ची तऱ्हा वेगळी. नॅशनल सेमीकंडक्टरमध्ये बॉब डॉबकिन यांनी १९७०च्या दशकात काढलेली ही तीन पायांची चिप एकच काम मन लावून करते: आउटपुट आणि अ‍ॅडजस्ट या पायांत कायम १.२५ व्होल्ट राखणं. त्या दोघांत १२० ओहम लावा (आर१) आणि अ‍ॅडजस्टपासून ग्राउंडपर्यंत दुसरा रेझिस्टर (आर२). आर२ १६८ ओहम असेल, म्हणजे १५० आणि १८ सिरीजमध्ये, तर ३ व्होल्ट. १ के (हजार ओहम) आणि ३३ असेल तर १२. खटक्याने आर२ बदलायचा, की झालं.

मलाही असंच वाटलं होतं. दोन सेलचा एक पॉकेट रेडिओ ३ वर छान वाजत होता. ‘साडेचारवर आवाज वाढतो का बघू’ म्हणून खटका फिरवला. टक् झालं आणि रेडिओ कायमचा गप्प. दोन दिवस मी त्या साडेचार व्होल्टना दोष देत होतो. खरा दोष ‘टक्’मधला होता. साधा रोटरी स्विच आधीचा संपर्क सोडतो, मग पुढचा धरतो. त्या मधल्या क्षणी आर२ तुटतो, अ‍ॅडजस्ट अधांतरी लटकतो आणि आउटपुट इनपुटच्या जवळ उडी मारतं. माझ्या इनपुटला १७ व्होल्ट होते, म्हणजे रेडिओवर पंधराएक गेले असणार.

उपाय म्हणजे पुढचा संपर्क धरून मग आधीचा सोडणारा, शॉर्टिंग जातीचा स्विच. क्षणभर दोन रेझिस्टर पॅरलल होतात आणि व्होल्टेज उलट खाली जातं. पण हाच स्विच टॅपवाल्या डब्यात घातलात तर दोन टॅपांमधले वेढे दर वळणाला शॉर्ट होतील. तिथे सोडून-धरणाराच हवा.

मग सरसकट ३१७च का नाही? उष्णतेमुळे. १७ व्होल्ट घेऊन ३ व्होल्टला अर्धा अँपिअर दिलात तर सात वॅट चिपमध्ये जळतात. हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा पत्रा) नसेल तर ती तापून स्वतःच हात आखडता घेते. टॅपवाल्याला हा त्रास नाही, कारण तो कमी हवं तेव्हा मुळात कमीच घेतो.

म्हणून मी आता दोन पोलांचा, म्हणजे एकाच दांड्यावर दोन वेगळी सर्किटं बदलणारा, एक स्विच वापरतो. एका पोलवर टॅप, दुसऱ्यावर रेझिस्टर. प्रत्येक टॅप हव्या त्या आउटपुटपेक्षा, भर लोडवरही, निदान तीन व्होल्ट वर. पण टॅपांसाठी स्विच सोडून-धरणारा लागतो, मग ३१७चं काय? आर२ कायम ठेवायचा, १ के, आणि खटका आर१वर लावायचा. १२० ओहमला पावणेबारा, २७० ला जवळजवळ ६. आर१ क्षणभर तुटला तरी आउटपुट वर न उडता सव्वा व्होल्टच्या आसपास उतरतं. एक उणीव राहते: ३ व्होल्टला आर१ सातशेच्या वर जातो आणि चिपला लागणारा १० मिलिअँपिअरचा किमान लोड मिळत नाही. आउटपुटवर ३३० ओहमचा, एक वॅटचा रेझिस्टर कायमचा जोडून ठेवा.

आणि हीटसिंक लोखंडी डब्याला आवळण्याआधी चिपखाली अभ्रकाचा पापुद्रा आणि स्क्रूला प्लास्टिकचा बुश घाला. ७८०५ची (ठरावीक ५ व्होल्ट देणाऱ्या रेग्युलेटरची) धातूची पाठ ग्राउंडला असते, ३१७ची आउटपुटला.