राऊटर बोलण्याआधी ऐकतो

नवीन राऊटर घरी आला की तो कुठे ठेवायचा हे बहुतेक वेळा भिंतीतून आलेली केबल ठरवते. केबल जिथे संपते तिथेच तो ठेवला जातो, मग तारा दिसायला नकोत म्हणून टीव्हीच्या मागे सरकतो नाहीतर कपाटात जातो, हिरवे दिवे लागले की काम झालं असं वाटतं. आमच्याकडेही तो बरीच वर्षं टीव्हीच्या मागेच होता, आणि आतल्या खोलीत रेंज येत नाही म्हणून आम्ही प्लॅन वाढवत राहिलो. प्लॅन वाढवून रेंज वाढत नाही. राऊटर म्हणजे इंटरनेटचा डबा ही समजूत जरा वेळ बाजूला ठेवा, तो मुळात एक रेडिओ आहे, बोलणारा आणि ऐकणारा. कोणाला कोणाचं ऐकू येतंय एवढं लक्षात ठेवलं की त्याची निम्मी सेटिंग्ज आपोआप कळतात.

आधी बोलण्याचं बघू. घरगुती राऊटरची ताकद साधारण १०० मिलिवॉटच्या आसपास असते, युरोपात तर २.४ गिगाहर्ट्झसाठी (वायफायच्या मुख्य रेडिओ पट्ट्यांपैकी एक, दुसरा ५ चा) कायद्यानेच तेवढी मर्यादा आहे. १० वॉटचा एलईडी बल्ब याच्या शंभरपट वीज घेतो. एवढीशी ताकद, तीही चहूकडे विखुरणार, अंतर दुप्पट झालं की चौथा हिस्सा उरणार, वर मध्ये भिंती. फोनपर्यंत नक्की किती पोचतं ते बघायचं असेल तर अँड्रॉइडवर वायफाय ॲनालायझर प्रकारचं एखादं ॲप टाका. त्यात मायनस ५०, मायनस ७० असे आकडे दिसतात, पुढे डीबीएम लिहिलेलं असतं. शून्य म्हणजे एक मिलिवॉट, आणि तिथून दर दहा खाली गेलं की ताकद दहावा भाग. म्हणजे मायनस ५० हा मिलिवॉटचा लाखावा भाग झाला आणि मायनस ७० हा कोटीवा भाग. मिलिवॉटच्या कोटीव्या भागातून फोन चालू व्हिडिओ उचलतोय, हे मला आजही थक्क करतं.

हे ॲप हातात धरून घरभर एकदा फिराच. राऊटरच्या खोलीत मायनस ४०, दार ओलांडलं की घसरला, बाथरूमपाशी आणखी घसरला. एका जागी उभं राहून राऊटरकडे पाठ करा, फोन पोटाजवळ धरा, आकडा खाली येतो कारण मधे तुम्ही आलात आणि माणसाचं शरीर म्हणजे बहुतेक पाणीच. पाणी या लहरी शोषून घेतं, लोखंड त्या परतवतं. त्यामुळे फिशटँक, फ्रिज, लोखंडी कपाट, मोठा आरसा (त्याच्या पाठीला धातूचा थर असतो), सळया घातलेली काँक्रीटची भिंत, यातलं काहीही मधे आलं की फटका बसतो. व्हिडिओ कॉलला साधारण मायनस ६७ पर्यंत चालून जातं, मायनस ८० च्या खाली गेलात की नुसतं गोल गोल फिरणारं चक्र बघत बसायचं.

मग ठेवायचा कुठे? घराच्या मध्याजवळ, उंचावर, मोकळा. केबल पुरत नसेल तर लांब केबल घ्या पण राऊटर हलवा, माझ्या मते सगळ्या सेटअपमधलं सर्वात फायद्याचं काम हेच. आणि बाहेर काठीसारखे अँटेना असतील तर त्यांच्याकडे जरा लक्ष द्या. बऱ्याच जणांना वाटतं की अँटेनाचं टोक ज्या दिशेला तिकडे सिग्नल जातो, पण उलटं आहे, टोकाच्या दिशेला सर्वात कमी जातो. अँटेना हा आस धरला तर सिग्नल त्याच्याभोवती हवा भरलेल्या ट्यूबसारखा पसरतो. एकाच मजल्यावर राहत असाल तर अँटेना उभे ठेवा, वरच्या मजल्यावरही नेट हवं असेल तर एखादा आडवा करून बघा.

आता ऐकण्याकडे येतो, खरी गंमत इथे आहे. एका चॅनलवर, म्हणजे पट्ट्यातल्या एका वाटेवर, एका वेळी एकालाच बोलता येतं. दोघं एकदम बोलले तर दोघांचंही वाया. म्हणून प्रत्येक फोन, लॅपटॉप आणि स्वतः राऊटरसुद्धा बोलण्याआधी ऐकतो की हवेत कोणी बोलतंय का, शांतता असेल तर आणखी थोडा वेळ थांबतो, किती थांबायचं ते दरवेळी रँडम आकड्यावर ठरतं म्हणजे सगळे एकदम सुरू होत नाहीत, मग बोलतो, समोरून 'मिळालं' असा छोटा निरोप येतो. निरोप आला नाही तर परत पाठवायचं. हे सगळं मायक्रोसेकंदांत चालू असतं. याची मुळं हवाई विद्यापीठात १९७१ मध्ये सुरू झालेल्या अलोहानेटमध्ये आहेत, नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटाबेटांवरचे कॉम्प्युटर रेडिओने जोडले होते. तिथे मात्र आधी ऐकायची पद्धत नव्हती, थेट बोलायचं, टक्कर झाली तर थोडं थांबून पुन्हा बोलायचं. त्या पद्धतीत चॅनलचा जास्तीत जास्त १८ टक्के वेळच कामी येतो. आधी ऐकायची सवय लावली आणि चित्र पालटलं.

यातून एक गोष्ट निघते जी सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. लांबच्या खोलीतल्या फोनला नीट ऐकू येत नाही, मग त्याच्याशी हळू बोलावं लागतं. जवळचा लॅपटॉप समजा ३०० एमबीपीएसने बोलतोय आणि कोपऱ्यातला फोन ६ ने, तर तेवढीच फाइल घ्यायला फोन हवेतला पन्नासपट वेळ खातो, आणि तो वेळ सगळ्यांचा सामायिक असतो. म्हणजे राऊटरशेजारी बसून, फुल रेंज असून तुमचं नेट अडकतं याचं कारण तिकडे आतल्या खोलीत चालू असलेला व्हिडिओ असू शकतो. राऊटर मध्यावर हवा तो यासाठीही. शिवाय फोनची बोलायची ताकद राऊटरपेक्षा कमी असते, त्यामुळे कधी कधी फोनवर रेंजच्या काड्या भरपूर दिसतात पण फोटो वर जात नाहीत, कारण फोनला राऊटर ऐकू येतोय आणि राऊटरला फोन नाही.

चॅनलचा प्रश्नही ऐकण्याचाच आहे. २.४ गिगाहर्ट्झमध्ये बहुतेक देशांत १३ चॅनल आहेत, एकमेकांपासून ५ मेगाहर्ट्झवर, पण एक राऊटर बोलताना साधारण २० मेगाहर्ट्झ अडवतो. म्हणजे शेजारशेजारचे चॅनल एकमेकांवर चढतात, न चढणारे तीनच उरतात, १, ६ आणि ११. ॲपमध्ये बघितलं की शेजारच्यांचे राऊटर १ आणि ६ वर दिसतात, आणि माणूस हुशारीने मधला ३ किंवा ४ निवडतो. तसं करू नका. एकाच चॅनलवर असलेले राऊटर एकमेकांचं बोलणं ओळखतात आणि पाळीपाळीने बोलतात, अर्धवट चढलेल्या चॅनलवर मात्र समोरच्याचं बोलणं कळतही नाही आणि थांबतही नाही, नुसता गोंगाट होतो. १, ६, ११ मधला ज्यावर कमी गर्दी तो घ्या आणि २.४ ची रुंदी २० वरच राहू द्या, ४० केली तर कागदावर स्पीड वाढतो आणि दाटीवाटीच्या इमारतीत प्रत्यक्षात घटतो.

मायक्रोवेव्ह ओव्हन चालू केला की नेट अडखळतं तेही याच पट्ट्यामुळे, ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो. त्यातून गळणारा अंश आरोग्याच्या मर्यादेच्या आत असतो पण फोनपर्यंत लाखाव्या-कोटीव्या भागात पोचणाऱ्या राऊटरच्या बोलण्यासमोर तो आरडाओरडाच ठरतो. (पाण्याचा रेणू नेमका २.४५ लाच थरथरतो म्हणून ओव्हन तिथे चालतो असं खूप ठिकाणी वाचायला मिळतं, ते खरं नाही. पाणी बऱ्याच मोठ्या पट्ट्यात तापतं, हा पट्टा या कामासाठी राखलेला होता म्हणून वापरला.)

५ गिगाहर्ट्झला जागा भरपूर, स्पीड जास्त, पण लहर लहान. २.४ ची लहर साडेबारा सेंटीमीटरची, ५ ची साधारण सहा सेंटीमीटरची, आणि ती भिंतीत लवकर दमते. जवळ बसून काम असेल तर ५, लांब असेल तर २.४. दोन्हीला एकच नाव ठेवलं तर फोन आपला आपण निवडतो, फक्त वायफायवरचे बल्ब, प्लग वगैरे जोडताना अडचण येते कारण ते बऱ्याचदा फक्त २.४ ओळखतात, तेवढ्यापुरतं ५ बंद करून जोडून घ्या. आणि राऊटर रिस्टार्ट केल्यावर ५ चं नाव मिनिटभर दिसलं नाही तर तो बिघडला असं समजू नका. या पट्ट्यातल्या काही चॅनलवर हवामानाचे आणि इतर रडार असतात, त्यामुळे तिथे बोलण्याआधी राऊटरला निदान ६० सेकंद ऐकावं लागतं, रडार ऐकू आला तर चॅनल सोडावं लागतं. ऐकण्याचा नियम इथे अक्षरशः कायद्यात आहे.

भिंतींवर आपटून परत येणाऱ्या लहरींचं काय, हा प्रश्न पूर्वी फार मोठा होता. एकच सिग्नल चार वाटांनी, चार वेगळ्या वेळी पोचतो आणि मिसळून जातो. यावर काम करणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेतल्या टीममध्ये जॉन ओ'सुलिव्हन होते, आणि ते आधी रेडिओ खगोलशास्त्रात छोट्या कृष्णविवरांच्या स्फोटाचे सिग्नल शोधत होते. ते सापडले नाहीत. पण फिसकटलेल्या सिग्नलमधून मूळचा वेचून काढायचं जे गणित त्यात हाताळलं ते घराच्या भिंतींमध्ये उपयोगी पडलं, १९९६ मध्ये त्याचं अमेरिकन पेटंट मिळालं.

आता प्रत्यक्ष जोडणी. बाहेरून येणारी केबल वॅन (बाहेरच्या नेटसाठीचं) लिहिलेल्या पोर्टमध्येच घाला, त्याचा रंग बहुतेक वेळा वेगळा असतो. ती चुकून लॅनमध्ये (घरातल्या उपकरणांसाठीच्या पोर्टमध्ये) गेली आणि पलीकडच्या, नेट कंपनीच्या डब्यातही राऊटर असला तर दोघेही उपकरणांना आयपी पत्ते, म्हणजे नेटवरचे आकडी पत्ते, वाटायला लागतात आणि कोणाचं नेट चालेल कोणाचं नाही याचा पत्ता लागत नाही. मग लॅपटॉप दुसऱ्या केबलने जोडा, ब्राउझरमध्ये राऊटरच्या खालच्या स्टिकरवरचा पत्ता टाका, १९२.१६८.१.१ किंवा तसाच काहीतरी. या प्रकारचे पत्ते १९९० च्या दशकापासून खासगी वापरासाठी राखून ठेवलेत, लाखो घरांत हाच पत्ता असतो आणि कुठेच गोंधळ होत नाही कारण तो घराबाहेर पडतच नाही. जुन्या पद्धतीचे (आयपीव्ही४) एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी, जगातल्या सगळ्या फोन-टीव्हींना ते पुरणार नाहीत, म्हणून बाहेर अख्ख्या घराचा एकच पत्ता आणि कोणाचं उत्तर कोणाला द्यायचं याची नोंद राऊटर ठेवतो. फायबरचा डबाही हेच काम करत असेल तर नोंदी दोनदा होतात, गेम आणि घरचे कॅमेरे बाहेरून जोडले जात नाहीत. एकाला सुट्टी द्या, म्हणजे डबा ब्रिज मोडवर (नुसता नेट पुढे देणारा) नाहीतर नवीन राऊटर ॲक्सेस पॉइंट मोडवर (नुसता वायफाय देणारा). सेटिंगमध्ये पीपीपीओई (नेट कंपनीकडे लॉगिन करायची पद्धत) दिसलं तर युजरनेम-पासवर्ड लागतो, तो नेट देणाऱ्याकडून आधीच लिहून घ्या.

पासवर्ड दोन असतात हे कृपा करून लक्षात ठेवा. एक वायफायचा, दुसरा या सेटिंगच्या पानाचा, आणि दुसरा तसाच ॲडमिन-ॲडमिन राहून जातो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने लाखो कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले ते फक्त कंपनीतून आलेले साठेक युजरनेम-पासवर्ड एकामागून एक वापरून बघत. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता उपकरण जोडायची सोय, तिचा पिन बंद करा. तो आठ अंकी दिसतो, पण शेवटचा अंक बाकीच्यांवरून निघतो आणि राऊटर पहिले चार बरोबर आहेत की नाही ते वेगळं सांगतो, नंतरचे तीन वेगळे, त्यामुळे कोट्यवधी नव्हे तर १०,००० अधिक १,००० एवढेच प्रयत्न पुरतात. हे २०११ मध्येच उघड झालंय. सुरक्षा, म्हणजे वायफायच्या कुलपाचा प्रकार, डब्ल्यूपीए३ ठेवा, जुनी उपकरणं असतील तर डब्ल्यूपीए२, आणि पासवर्ड लांब, चार-पाच असंबद्ध शब्दांचा चालेल.

वायफायचं नावही बदला, कारण डब्ल्यूपीए२ मध्ये पासवर्डबरोबर नाव मिसळून ४,०९६ वेळा घुसळून किल्ली तयार होते, आणि कंपनीच्या नेहमीच्या नावांसाठी अशा किल्ल्यांचे तक्ते आधीच करून ठेवलेले असतात. नाव देवनागरीतही चालतं. मर्यादा ३२ बाइटची आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरातला हलंतसुद्धा, तीन बाइट घेतं. 'आमचं घर' १९ बाइटमध्ये आरामात बसतं, पण 'स्वप्नपूर्ती' हा चार अक्षरांचा शब्द १२ चिन्हांचा आहे, ३६ बाइट, तो बसत नाही.