माठातला पुदिना पाणी शुद्ध करत नाही

सांगलीत कृष्णेचं पाणी चढलं, नळाला गढूळ पाणी आलं, की हा सल्ला हमखास ऐकू येतो: "माठात पुदिन्याची चार पानं टाका, जंतू मरतात." मरत नाहीत.

गैरसमजाचं मूळ मात्र खरं आहे. पुदिन्याचं तेल प्रयोगशाळेत काही जिवाणूंची वाढ रोखतं. पण ते काढलेलं, दाट तेल असतं. ताज्या पानात तेल शंभर भागांत एक भागही नसतं, शिवाय ते पाण्यात नीट विरघळत नाही. जुलाबाला कारण ठरणाऱ्या ई. कोलायसारख्या जिवाणूंना बाहेरून जादा आवरण असतं. त्यांच्यावर असली तेलं तशीही कमीच चालतात.

"थंड लागतं म्हणजे औषध लागू पडलं" हेही तसंच. मेंथॉल हा काही पुदिन्यांच्या तेलातला घटक थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना फसवतो, एवढंच. त्यात गंमत म्हणजे मंडईतल्या चटणीच्या पुदिन्यात तेलाचा मुख्य घटक बहुधा कार्व्होन नावाचा वेगळाच सुगंधी पदार्थ असतो. मेंथॉल भरपूर मिळतं ते जपानी पुदिन्यात.

पाणी गाळा, खळखळ उकळा. गार झाल्यावर स्वादाला पुदिना खुशाल टाका, पण धुऊन. पानांवरची माती पुन्हा माठात नको.