दंडावरच्या खुणेपासून कार्डाच्या झेरॉक्सपर्यंत

पहिलीच्या प्रवेशाच्या फायलीत हल्ली जन्मदाखला, आधार आणि फोटोंच्या मागे बऱ्याच शाळा आणखी एक झेरॉक्स लावून घेतात, लसीच्या कार्डाची. घडीवर फाटायला आलेलं कार्ड, डॉक्टरांचे शिक्के, बाटलीवरून काढून चिकटवलेली स्टिकरं. ऑफिसातल्या बाई ते फायलीला टाचतात, वाचत नाहीत. वाचलं आणि दोन रकाने कोरे निघाले, तरी करणार काय? लस घेतली नाही म्हणून शाळेत घेऊ नका, असा देशभर लागू असलेला कायदा आपल्याकडे नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने तर वयाचा दाखला नाही म्हणूनही प्रवेश नाकारता येत नाही.

लसीची सक्ती मात्र आपल्याला नवी नाही. शाळा घरोघर पोचण्याच्या कितीतरी आधी ती आली होती.

१४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. भारतातली ही पहिली यशस्वी टोचणी. लस व्हिएन्नाहून बगदाद, बसरा अशी मजल दरमजल करत जहाजाने आली होती. बर्फाची पेटी नव्हती, त्यामुळे एकाच्या दंडावरच्या फोडातला द्रव काढून दुसऱ्याला टोचायचा, हीच लस टिकवायची रीत. ॲनाच्या दंडावरून ती पुढच्या मुलांना गेली. म्हणजे टोचलेलं पोर हीच लसीची बाटली. आठवडाभराने त्याला परत आणायचं, त्याचा फोड उघडायचा आणि समोर रांगेत बसलेल्या परक्या पोरांना टोचायचं. आयांनी पोरं लपवली, यात मला तरी नवल वाटत नाही. पुढे वासरांवर लस तयार होऊ लागली आणि हा जाच संपला.

शब्दही बघा. रोगाचं नाव देवी, आणि टोचण्याला म्हणायचे ‘देवी काढणं’. मुंबई इलाख्यात १८७७ साली सक्तीचा कायदा झाला, १८८० साली हिंदुस्थान सरकारचा. तो निवडक शहरांना आणि छावण्यांना लागू करायचा होता. त्यात टोचून न घेतलेला मुलगा चौदा वर्षांचा आणि मुलगी आठ वर्षांची होईपर्यंत ‘असंरक्षित मूल’ धरली जाई. रोख आईबापांवर होता, मास्तरांवर नाही. आणि ते साहजिकच होतं, कारण बहुतेक पोरं शाळेत जातच नव्हती. दारात अडवायचं कोणाला?

अमेरिकेत नेमकं उलट घडलं. मॅसॅच्युसेट्सने १८५५ सालीच शाळेसाठी देवीची लस सक्तीची केली. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत टोचून न घेतलेल्या एका मुलीला शाळेने बाहेर ठेवलं. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९२२ साली न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला. १९७७ साली लॉस एंजेलिसमध्ये गोवराची साथ असताना कागद न दाखवणाऱ्या सुमारे ५०,००० मुलांना घरी पाठवलं गेलं. त्यातली बहुतेक काही दिवसांतच लस घेऊन परतली. १९८० पर्यंत पन्नासही राज्यांत असे कायदे होते.

पुण्याहून न्यू जर्सीला गेलेल्या आईबापांची या नियमाशी गाठ पहिल्याच आठवड्यात पडते. आपल्या कार्डावर गोवराचा पहिला डोस नवव्या महिन्यातला. तिथे पहिल्या वाढदिवसाआधीचा डोस धरत नाहीत. त्यात ०४/०७ हे आपण चार जुलै म्हणून लिहिलेलं, शाळेतली नर्स सात एप्रिल वाचते. मग पुण्यातल्या डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर विनवण्या, लेटरहेडवर महिन्याचं नाव अक्षरात लिहून द्या म्हणून.

आजारी पोराला घरी ठेवण्याचा नियम आपल्याकडे कायद्याहून जुना. गोवर निघाला, कांजिण्या आल्या की दाराला कडुलिंबाचा डहाळा, आणि त्या घरात कोणी जायचं नाही. आजचं वैद्यकशास्त्र दिवस मोजून सांगतं: गोवराची पुरळ उठल्यापासून चार दिवस, गालगुंड सुजल्यापासून पाच दिवस, कांजिण्यांत शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत शाळा नाही. पण खरी गोम इथे आहे. गोवर पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासून पसरतो, कांजिण्या एकदोन दिवस आधीपासून. डहाळा बांधेपर्यंत बाकावरच्या शेजाऱ्याला लागण होऊन गेलेली असते. म्हणून आजाऱ्याला घरी ठेवणं पुरत नाही. सगळी पोरं आधीच टोचलेली असावी लागतात.

आपल्याकडे शाळेत आरोग्य शिरलं ते तपासणीच्या वाटेने. १९०९ साली बडोद्यात शाळकरी मुलांची पहिली वैद्यकीय तपासणी झाली. देशाच्या आरोग्यसेवेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीने १९४६ साली पाहिलं तर देशात शालेय आरोग्यसेवा जवळजवळ नव्हतीच. १९७८ साली विस्तारित लसीकरण हा सरकारी कार्यक्रम आला, १९८५ पासून तो सार्वत्रिक झाला, पण त्याचा पाया आरोग्य केंद्र आणि अंगणवाडी. मे १९७५ नंतर भारतात देवीचा रुग्ण सापडला नाही; १८८० चा कायदा मात्र २००१ पर्यंत पुस्तकात पडून होता. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधून झाली, तीही तपासणीचीच.

नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोहीम निघाली तेव्हा शाळा पहिल्यांदा एवढ्या ठळकपणे मधोमध आली. नऊ महिने ते पंधरा वर्षं, आधी घेतली असली तरी पुन्हा. वर्गावर्गाची रांग, बाहेर मास्तर नावांवर टिक करतायत, टोचून आलेल्यांना अर्धा तास बसवून ठेवलंय. फोनवर अफवा फिरल्या, काही आईबापांनी त्या दिवशी पोरं घरीच ठेवली. दिल्लीत पालकांची परवानगी न घेता हीच लस द्यायचं ठरलं होतं. जानेवारी २०१९ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने संमतीशिवाय टोचता येणार नाही, असं सांगितलं. मे २०२२ मध्ये कोविडच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाचंही म्हणणं तेच पडलं, लस घ्यायला कोणाला भाग पाडता येणार नाही. त्याच वर्षी पावसाळा सरता सरता मुंबईतल्या गोवंडीत गोवराने मुलं दगावू लागली. आजारी पडलेल्यांत शाळेचं वय न झालेली पोरं बरीच. शाळेच्या दारात कितीही कडक तपासणी ठेवली असती, तरी ही पोरं त्या दारापर्यंत पोचलीच नव्हती.

आता शाळेच्या वाट्याला उरतात मुख्यतः धनुर्वात-घटसर्पाचे दोन डोस, दहाव्या आणि सोळाव्या वर्षी. पाचवीच्या वर्गात नर्सबाई येतात तेव्हा निम्मी मुलं बाही वर करून तयार असतात, एखादं रडतं, एखादं बाकाखाली सापडतं. सोळाव्या वर्षी ज्युनिअर कॉलेजच्या फॉर्मवर ते कार्ड कोणी मागत नाही, आणि घरात ते कुठे ठेवलंय हेही बहुधा कोणाला आठवत नसतं.