पोटाचं ऑपरेशन आणि लुळी करंगळी

ऑपरेशन पोटाचं, आणि दोन-तीन दिवसांनी तक्रार मात्र हाताची: करंगळी बधिर, अनामिकेचा अर्धा भागही तसाच, शर्टाचं बटण लागत नाही. घरच्यांचा पहिला संशय भुलेच्या औषधावर किंवा सलाइनच्या सुईवर. दीडशे वर्षांपूर्वी डॉक्टरांनाही औषधाचाच संशय होता.

१८४६ मध्ये बोस्टनमध्ये ईथर या भुलेच्या औषधाचं जाहीर प्रात्यक्षिक झालं, पुढच्याच वर्षी एडिंबरात क्लोरोफॉर्म आलं. त्याआधी मिनिटांत उरकावी लागणारी ऑपरेशनं आता सावकाश करता येऊ लागली. पण काही रुग्ण लुळा हात घेऊन शुद्धीवर येत, आणि खापर क्लोरोफॉर्मवर फुटे. १८९४ मध्ये ब्यूडिंगर या डॉक्टरनं बोट दाखवलं ते टेबलावर हात कसा ठेवला होता त्याकडे. हात डोक्यामागे ओढला की मानेतून काखेत उतरणारं मज्जातंतूंचं जाळं ताणलं जातं. जागा माणूस मुंग्या येताच कूस बदलतो. भुलेतला बदलत नाही. १९४२ मध्ये मॉन्ट्रियलला भुलेसोबत क्युरारे हे स्नायू सैल करणारं औषध वापरलं गेलं, त्यानंतर अशी औषधं रुळली आणि ताणाला आवर घालणारा स्नायूंचा उरलासुरला जोरही गेला. डोक्याकडची बाजू खाली झुकवलेल्या टेबलावर रुग्ण घसरू नये म्हणून खांद्याला लावलेले आधारही त्याच जाळ्यावर दाबत.

मग सगळा दोष भूलतज्ज्ञाच्या माथी आला, तोही कोर्टात. अमेरिकेत निकाली निघालेल्या ४,१८३ दाव्यांची छाननी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातले ६७० मज्जातंतूंच्या इजेचे होते आणि त्यांत सर्वाधिक कोपरामागून करंगळीकडे जाणाऱ्या अल्नर नर्व्हचे. अडचण अशी की, कोपराखाली नीट गादी दिल्याची नोंद असूनही काहींना इजा झालेली होती.

मला अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयाचं काम जास्त बोलकं वाटतं. तिथल्या अकरा लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदींत (१९९४) दीर्घकाळ टिकणारी अल्नरची इजा २,७२९ जणांत एकाला आढळली. त्यात पुरुष जास्त, फार बारीक किंवा फार लठ्ठ माणसं जास्त. निम्म्याहून अधिक जणांना त्रास सुरू झाला तो ऑपरेशनला चोवीस तास उलटून गेल्यावर! म्हणजे टेबलावरून उतरल्यावर, वॉर्डात कोपर टेकून पडल्यापडल्याही हे होत असावं. पुढे ऑपरेशन न झालेल्या ९८६ दाखल रुग्णांवर लक्ष ठेवलं, तर त्यांतही दोघांना तोच त्रास झाला.

हात बाजूला नव्वद अंशांपलीकडे नेऊ नये, तळवा वर किंवा मांडीकडे असावा, कोपराला मऊ आधार असावा, हे अमेरिकन भूलतज्ज्ञांच्या संघटनेनं २००० मध्ये लेखी सांगितलं. खांद्याजवळच्या जाळ्याच्या बाबतीत या शिस्तीचा उपयोग सरळ समजतो. अल्नरच्या बाबतीत ती पाळूनही हमी देता येत नाही. कोविडच्या साथीत व्हेंटिलेटरवर तासन्‌तास पालथे ठेवलेले काही रुग्ण बरे झाले आणि हाताची ताकद गेल्याची तक्रार करू लागले, तेव्हा ही चर्चा ऑपरेशन थिएटरमधून आयसीयूत पोहोचली.